ताटाबाहेर सांडलेलं नाव

तोंडवली, तालुका मालवण
कार्तिक उतरणीला लागलाय, पहाटे गोधडी लागते

प्रिय कॉन्स्टान्सियो यास,

तोंडवलीच्या पुळणीवरून म्हापशाच्या दिशेला तोंड करून (दिशा अंदाजाची, चूकभूल द्यावी घ्यावी) तुझ्या बाबलीचा नमस्कार. आम्ही इथे देवाच्या आणि सकाळ-संध्याकाळच्या गोळ्यांच्या कृपेने उभे आहोत. तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तू आता चर्चला जाताना काठी नेत नाहीस, पण येताना तुला तुझ्या लेकीचा, डेल्सीचा खांदा लागतो, असं तिनेच फोनवर सांगितलं. जाताना देवाचं बळ असतं आणि येताना ते तिथेच राहतं, असा मी अर्थ लावला. वेरोनिका वहिनींना सांग, गेल्या नाताळातला त्यांचा माडाच्या गुळाचा दोदोल आम्ही शिमग्यापर्यंत पुरवला. (सुगंधेने डबा कुलपात ठेवला होता म्हणून पुरला. चावी कुठे आहे ते मला अजून ठाऊक नाही.)

हातात फोन असताना हा म्हातारा पत्र का लिहितो, असं तुझ्या मनात येईल. एक तर माझं अक्षर अजून चांगलं आहे आणि ते दाखवायला दुसरी जागा उरलेली नाही. दुसरं म्हणजे फोनवर बोललं की सुगंधा ऐकते, आणि आजचा विषय तिच्या कानावर जायचा नाही. ती आत्ता मागच्या पडवीत मोरी साफ करतेय, म्हणजे मासा, न्हाणीघराची नव्हे. तासभर तरी उठत नाही. तेवढ्यात लिहून घेतो.

परवा सहज आपल्या जुन्या शाळेवरून गेलो. माड तेच आहेत, कौलं गेली, पत्रे आले. पण खिडकीशी उभा राहिलो आणि आत कोणीतरी मुलगी कविता म्हणत होती, हातवारे करून, श्वास चुकीच्या जागी घेत. माझे डोळे भरून आले, रे. आपले मास्तर कविता शिकवताना खिडकीतून समुद्राकडे बघत, आणि अर्थ विचारला की म्हणत, अर्थ मागाहून येईल, आधी चाल पाठ कर. मला चाल पाठ झाली. अर्थ अजून यायचा आहे. त्या कवितांनीच माझं वाटोळं केलं असं आपल्या मालवणच्या कोर्टातले लोक म्हणत, आणि तू टंकलेखकाच्या खुर्चीत बसून हसायचास. आठवतो ना तो समन्सवरचा माझा अहवाल? मी लिहिलं होतं की सदर इसम मावळतीच्या सोनेरी उजेडात होडी घेऊन निघून गेला असून त्याचं परतणं भरतीच्या मर्जीवर आहे. साहेबांनी मला आत बोलावलं आणि शांतपणे विचारलं, बेलिफ, बजावणी झाली की नाही? मी म्हटलं, नाही साहेब. ते म्हणाले, मग तेवढंच लिहा. असा माझ्या साहित्यावरचा पहिला आणि शेवटचा अभिप्राय.

निवृत्तीचंही तेच. माझी जन्मतारीख एक जून, हे तुला सांगायला नको, कारण तुझीही तीच आहे आणि आपल्या अर्ध्या वर्गाचीही. (आई म्हणायची, बाबली झाला तेव्हा दारात शिमग्याचे खेळे नाचत होते. जूनमध्ये शिमगा कुठला? पण मास्तरांनी दाखल्यावर लिहिलं ते लिहिलं.) आता सरकारचा नियम असा की एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणजे एकतीस मे. आणि एकतीस मेला कोर्टाला उन्हाळी सुट्टी! साहेब त्यांच्या गावाला, वकील आपापल्या कलमांखाली आंबे मोजत, पक्षकार भातपेरणीच्या तयारीत. मी निरोपाची कविता करून नेली होती, चांगली लांबलचक, शेवटी सगळ्यांनी रुमाल काढावेत अशी. ऐकायला तू आणि रेकॉर्डरूममधली मांजर. मांजर तिसऱ्या कडव्याला उठून गेली. तू शेवटपर्यंत हललास नाहीस, आणि मला गहिवरून आलं, मग कळलं की तुला झोप लागली होती. तरी सांगतो, त्या रिकाम्या कोर्टाइतकं सुंदर मला काही दिसलेलं नाही. बाकावर ऊन पडलं होतं आणि पंखा उगाच फिरत होता. मी बराच वेळ साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहिलो, कोणी काही विचारलं नाही.

असो. मूळ गोष्ट अशी. भाद्रपदात मी पुळणीवर चक्कर येऊन पडलो. फार काही नाही, रक्तदाब म्हणे. पण पर्यटकांनी भोवती कडं केलं आणि एकाने माझा फोटोही काढला. तेव्हापासून आमच्या कौस्तुभने धोशा लावला की बाबा, तुमचे सगळे कागद एका फाइलीत लावूया, उद्या काही झालं तर आईची धावपळ नको. (मुलगा चांगला आहे. पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधल्यात, त्यांची नावं मी सुचवली होती, ती त्याने ठेवली नाहीत. एक नंबर, दोन नंबर.) तर एका सकाळी तो ओटीवर ट्रंक उघडून बसला आणि एकेक कागद मोठ्याने वाचू लागला. सुगंधा बाजूला आदोळीवर नारळ खोवत होती. माझ्या पेन्शनचा हुकूम निघाला. त्याने माझं नाव वाचलं, हुद्दा वाचला, बेलिफ, आणि मग कुटुंब निवृत्तिवेतनाला पात्र व्यक्ती, पत्नी, श्रीमती स्वप्नगंधा मोरेश्वर तोंडवळकर, असं वाचून थांबला. म्हणाला, बाबा, ही कोण?

आदोळीचा आवाज थांबला. मी समुद्राकडे बघू लागलो, मास्तरांसारखा. आणि सुगंधा अगदी हळू, कोणाला दोष न देता म्हणाली:

"ती आसा ता माका ठावक होता. पण सरकाराकडे तिची नोंद केल्यात, ता ठावक नव्हता."

कॉन्स्टान्सियो, कॉस्तू रे, तुला सगळं माहीत आहे, तरी एकदा उजळणी करतो, कारण पुढे त्याची गरज पडणार आहे. लग्न तिच्या माहेरी, कुणकेश्वराला लागलं, वरात तोंडवलीला आली, आणि रात्री लक्ष्मीपूजनाला मी पाटावर बसलो. माझ्या पुढ्यात तांदळाचं ताट, बोटात अंगठी, आणि माझ्या खांद्यावरून गॅसबत्ती धरून उभा तू. नवऱ्याने तांदळात बायकोचं नवं नाव कोरायचं, तिचं माहेरचं नाव तिथे संपायचं. बाकीचे लोक दोन अक्षरी नावं काढतात, लता, सुधा, की सुटले. मी काढलं स्वप्नगंधा. पहिलं अक्षर मी असं मन लावून, वेलांटी-फुलोऱ्यासारखं कोरलं की अर्धं ताट त्यातच गेलं. दुसरं कडेला टेकलं. उरलेली दोन अक्षरं मी ताटाबाहेर, सारवलेल्या जमिनीवर सांडलेल्या तांदळात लिहिली. आई वाकून बघत होती (तिला अक्षरओळख नव्हती), म्हणाली, काय रे लिवलंस? मला लाज वाटली, मी पुटपुटलो. आईला ऐकू आलं सुगंधा. ती मोठ्याने म्हणाली, "बगा गो, माझ्या झिलान नाव बदलूकच नाय! हाय ताच ठेवल्यान!" आणि गूळ वाटला.

झालं. साऱ्या वाडीत माझा जयजयकार. बाबली सुधारक निघाला, बायकोचं नाव त्याने राखलं. आणि सुगंधा! तिने डोक्यावरचा पदर जरा वर करून पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं, असं बघितलं की मला सांगायचा धीर झाला नाही. नंतर तर ती कुणकेश्वरच्या जत्रेत भेटेल त्या बाईला सांगायची की माझ्या घोवाने माझं नाव पुसलं नाही. आता त्या चेहऱ्याला कोण सांगेल की अगो, पुसलं होतं, पण ताट लहान पडलं?

मग नोकरी कायम झाली, सेवापुस्तकात कुटुंबाची माहिती भरायची होती. घरी ते नाव घेता आलं नाही, निदान सरकारदरबारी तरी असावं, म्हणून मी लिहिलं, स्वप्नगंधा. तूच ते टाइप केलंस, आणि माझ्याकडे चष्म्यावरून बघितलंस. आणि संध्याकाळी ओटीवर मी कविता रचायचो त्याही त्याच नावाने. आता सुगंधेने ते नाव इतकी वर्षं भिंतीपलीकडून ऐकलं होतं, आणि शहाण्या बाईसारखा तिने एक अर्थ लावला. कोर्टात कोणीतरी आहे. एका सोमवारी ती बाजाराचं निमित्त करून मालवणला आली, कोर्टाच्या दारातून आत बघून गेली, आणि त्या काळी आपल्या कोर्टात बाईमाणूस एकच, आपल्या स्टेनो मेल्विनाबाई! म्हणजे बघ, मेल्विनाबाई आमच्याकडे आल्या की त्यांना नेहमी बिनसाखरेचा चहा मिळायचा, आणि मी त्या ट्रंकेच्या सकाळपर्यंत समजत होतो की त्यांना मधुमेह आहे.

पेन्शनच्या कचेरीत गेलो. खिडकीत सनोबर नावाची मुलगी आहे, आपल्या देवबागच्या निजामभाईंची नात, फार गोड बोलते, कचेरीत असल्यामुळे पुस्तकातलं मराठी बोलते. म्हणाली, काका, आधार कार्डावर काकी सुगंधा, हुकुमावर स्वप्नगंधा, मग या दोन व्यक्ती झाल्या. मी म्हटलं, बेटी, एकच आहे. ती म्हणाली, मला मान्य आहे, पण कागदाला मान्य नाही. मग तिने आवाज खाली करून विचारलं, काका, राग मानू नका, दोन लग्नं तर नाहीत ना? कारण नोकरीत असताना दुसरं लग्न केलं असेल तर वर्तणुकीच्या नियमाचा भंग होतो, आणि मागे दोन विधवा राहिल्या तर कुटुंब निवृत्तिवेतन दोघींत सारखं वाटलं जातं. मी आयुष्यभर खाली मान घालून समन्स वाटले, कॉस्तू, माझ्या अंगावर असा आळ कधी आला नव्हता. खोटं कशाला बोलू, क्षणभर बरंही वाटलं.

घरी येऊन मी हा नियम जसाच्या तसा सांगितला (माझी चूक). सुगंधेने पदर खोचला. "म्हणजे मी हयसर मरान तुमची उस्तवार करतंय, आणि अर्धो वाटो तिका?" मी म्हटलं, अगो, ती नाहीच, ती तूच. ती म्हणाली, "मी सुगंधा. माझा नाव बदलूक नाय, ह्या साऱ्या गावाक ठावक आसा." कौस्तुभ मध्ये पडला, म्हणाला, आई, नुसती सही कर, दोन्ही नावांची बाई एकच असं प्रतिज्ञापत्र आहे. तिने विचारलं, "खंयच्या नावान सही?" तो म्हणाला, दोन्ही. ती उठून माडाच्या झावळ्या विणायला गेली, आणि त्या दिवशी आमटीत मीठ नव्हतं.

प्रतिज्ञापत्र वकिलाकडून लिहून आणलंय, ते फळीवर साखरेच्या डब्याखाली आहे. (सही अधिकाऱ्यासमोर करायची असते, हे मला शिकवू नकोस. तिला तिथवर न्यायचं कसं, हाच प्रश्न आहे.) हसण्यावारी नेतो, पण रात्री झोप येत नाही. मी गेल्यावर ती एकटी त्या खिडकीशी उभी राहील, हातात पिशवी, पायात कौस्तुभची मोठी चप्पल. तेव्हा खिडकीत सनोबर नसेल, दुसराच कोणी असेल, आणि तो विचारील, तुम्ही कोण? आणि ती मान ताठ करून सांगेल, सुगंधा. आणि तो म्हणेल, या नावाची बायको नाही. हजारो दारांत उभा राहून मी माणसांची ओळख पटवून कागद दिले, आणि माझ्याच घरातल्या माणसाची ओळख पटत नाही.

काल संध्याकाळी ती जरा निवळली. दिवा लावून माझ्याजवळ बसली. मी सगळं सांगितलं, ताट, तांदूळ, आईचं ऐकणं, तुझी गॅसबत्ती. तिने एकच विचारलं, "नाव माका बघून काडलात, काय आदीच तयार होता?" मी म्हटलं, भरती किती आलीय बघून येतो, आणि उठलो. ओहोटी होती.

असो, फार लांबलं. मासा साफ होत आला असेल. गुडघ्याला खोबरेल तेल चोळ, ऊन घे, आणि जुन्या दिवसांची आठवण काढताना मला वगळू नकोस.

तुझा
बाबली
(कागदोपत्री मोरेश्वर. बघ, मलाही दोन नावं आहेत, आणि मला कोणी दोन माणसं म्हणत नाही.)

ता. क. लिहायचं होतं ते राहिलंच. येत्या रविवारी चर्चमधली मिसा आटोपून इकडे ये. गोव्याच्या कदंबाची बस सावंतवाडीपर्यंत मिळते, पुढे कौस्तुभ गाडी घेऊन येईल. सुगंधेसमोर बस आणि तिला सांग की ताटातलं आणि जमिनीवरचं नाव तू तुझ्या डोळ्यांनी वाचलंस. हे खरंच आहे. त्यानंतर जमलं तर एवढंही सांग, की ते नाव तिला कुणकेश्वरला पहिल्यांदा बघितल्यावरच मला सुचलं, आणि परतीच्या वाटेवर मी तुला सांगितलं. हे खरं नाही, हे तुला आणि मला माहीत आहे. सातवीत, शेवटच्या बाकावर, मास्तर कविता म्हणत असताना मी तुझ्या कानात म्हटलं होतं, माझी बायको स्वप्नगंधा असेल, आणि तू विचारलं होतंस, "ख्रिस्तांव की हिंदू?" ती बायको तेव्हा कुठेच नव्हती, पण नाव तयार होतं. हे सुगंधेला कसं सांगू? तू दर शनिवारी कन्फेशनला जातोस, एवढं एक पाप जास्त. फादर ओळखीचे आहेत ना?

ता. क. २. कॉन्स्टान्सियो भावजीनु, मी सुगंधा लिवतंय. ह्यांनी पाकीट कौस्तुभाकडे देवक सांगल्यानी, ता उघडाच होता, म्हणान वाचलंय. तुमी आणि वेरोनिका वैनी जेवक येवा. मोरीचा मटण करतंय. पण खोटी साक्ष देवक येव नकात, ह्या वयात गुडघ्यार पाप कित्याक घेतास? सातवीतलो झील नाव ठरयता, त्येचो मी काय राग धरू? मी तेवा कुणकेश्वराक तिसरीत, नाकात शेंबूड. घर आदी बांदतत, मगे माणूस ऱ्हवाक येता. इतकी वर्सा त्या घरात मीच ऱ्हवलंय, माका कोणी सांगूक नाय इतक्याच. मेल्विनाबाईक माझो नमस्कार सांगा. तेंका म्हणा, येवा, साखर घालून चाय देतंय. सही करून ठेवलंय.

ता. क. ३. पत्र पुन्हा माझ्या हातात आलं. वरचं वाचून मी बराच वेळ मागच्या पडवीत जाऊन उभा राहिलो. ती मसाला वाटत होती, वर बघितलं नाही, म्हणाली, वाटेतून बाजूक व्हा. मग साखरेचा डबा उचलून प्रतिज्ञापत्र बघितलं. शपथेच्या अधिकाऱ्याऐवजी पाट्यावरवंट्यासमोर केलेली सही, म्हणजे कागद कायद्याने फुकट. त्याच्या कोपऱ्याला हळदीचं बोट लागलंय. एकीकडे सुगंधा, नेहमीसारखं. दुसरीकडे, पहिल्यांदाच लिहिल्यामुळे अक्षर जरा मोठं, कागदाच्या कडेपर्यंत गेलेलं: सपनगंदा.

सनोबरला फोन केला. ती म्हणाली, काका, ही आणखी तिसरी कोण? हा कागद फाडा, नवा करा, काकींना नीट स्पेलिंग सांगा, पाच मिनिटांचं काम आहे. मी म्हटलं, बेटी, हा कागद फाटणार नाही आणि स्पेलिंग मी सांगणार नाही. वकिलांना कळवलंय, नवा मजकूर लिहा: सुगंधा, स्वप्नगंधा आणि सपनगंदा या तिन्ही नावांची बाई एकच असून ती माझी कायदेशीर पत्नी आहे. ते म्हणाले, तिसऱ्या नावाची कायद्याला काही गरज नाही. मी म्हटलं, कायद्याला नसेल.

बुधवारी ती माझ्याबरोबर मालवणला यायला कबूल आहे. खाली दोघा माहितगारांच्या सह्या लागतात. म्हणून रविवारी जेवायला या आणि बुधवारपर्यंत राहा. यात एक अक्षरही खोटं नाही, फादरना काही सांगावं लागणार नाही.